केस नंबर तीन

अभ्यासक्रमाला नाव काय द्यायचं, यावर आमच्या समितीने तीन बैठका खाल्ल्या. 'टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट' म्हणायचं की 'मॅनेजमेंट ऑफ टेक्नॉलॉजी'? दोन्हींत फरक काय, हे तिसऱ्या बैठकीच्या शेवटीही कुणाला सांगता येत नव्हतं, पण दोन्ही बाजूंचे लोक लालबुंद झाले होते. शेवटी अध्यक्ष डॉ. विद्याधर सुखटणकरांनी घड्याळाकडे बघितलं आणि पहिलं नाव कायम केलं, कारण दारावरच्या पाटीवर ते कमी जागेत बसतं. मी विनोद करत नाहीये. इतिवृत्तात तसं लिहिलेलं आहे आणि ते इतिवृत्त मीच लिहिलंय.

साल १९८५. जो उठेल तो कॉम्प्युटरचं नाव घेत होता. विद्यापीठालाही वाटलं, आपण मागे राहता कामा नये. नोकरी करणाऱ्या पदवीधरांसाठी दोन वर्षांची पदविका, वर्ग संध्याकाळचे, जागा आमच्या संस्थेची, घाटकोपरला. समितीत सातजण. मी, मधुकर तेलंग, सचिव. म्हणजे सगळ्यांच्या वाटचं लिहिणारा हमाल. अभ्यासक्रम मंजूर झाला की विभागप्रमुख तुम्हीच, असं सुखटणकरांनी पहिल्याच दिवशी माझ्या कानात सांगून ठेवलं होतं. तेवढ्यावर मी वर्षभर लिहीत राहिलो.

लिहायचं म्हणजे काय, तर उतरवायचं. सुखटणकरांनी एका परदेशी विद्यापीठाचं माहितीपुस्तक आणलं होतं. त्यातले आठ पेपर आम्ही घेतले, तासिका बसवल्या, संदर्भग्रंथांची यादी जशीच्या तशी टाकली. त्यातली निम्मी पुस्तकं मुंबईत मिळत नव्हती, पण यादी भारदस्त दिसत होती. एका उदाहरणात रस्त्यावरचं बर्फ काढायचं यंत्र होतं. ते खोडून आम्ही तिथे पाण्याचा पंप घातला आणि अभ्यासक्रम भारतीय झाला.

राहिला एक पेपर, 'तंत्रज्ञान आणि माणूस'. त्यात केस स्टडी हव्या होत्या, म्हणजे कुठल्या तरी कारखान्यात खरोखर घडलेली हकीकत आणि तिच्यावर प्रश्न. पहिल्या दोन केस त्याच पुस्तकातून उचलल्या. तिसरी इथली असू दे, मी लिहितो, असं मी म्हणालो. दुसऱ्या कुणाला लिहावी लागणार नव्हती, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

माझ्याकडे केस होती. दोन-अडीच वर्षं ती माझ्या घशात अडकली होती.

संस्थेत येण्याआधी मी मुलुंडच्या एका गिअरच्या कारखान्यात चौदा वर्षं काढली. शेवटी असिस्टंट वर्क्स मॅनेजर होतो. ८२ साली कंपनीने परदेशातून गिअर कापायचं नवं यंत्र आणलं. त्यासाठी पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला, खाडीत भरणी टाकून नवी शेड बांधली. उद्घाटनाला पेढे वाटले. यंत्र देखणं होतं आणि कामही देखणं करायचं. बारा-तेरा दिवस सगळे दाते मापात, आणि मग अचानक दोन-तीन दिवस सगळा माल वाया. केसभराचा फरक, पण गिअरमध्ये केसभर म्हणजे भरपूर. आम्ही कटर बदलले, तेल बदललं, वायरिंग उस्कटून बघितलं. पुन्हा बारा दिवस झकास, पुन्हा वाट लागलेली.

यंत्रावर धर्मा होता. धर्मा कोळी, माहुलचा. कारखान्यातला सगळ्यात चांगला हात. त्याचे भाऊ अजून होडीवर जात, पण रिफायनऱ्या आल्यापासून खाडीत मासळी राहिली नव्हती, म्हणून हा अठराव्या वर्षी कारखान्यात शिरला होता. तिसऱ्या महिन्यात तो आमच्या केबिनमध्ये आला. मी होतो आणि माझे वरिष्ठ नंदकिशोर देवस्थळी होते.

"सायेब, आवस-पुनवेला याच्यावर फायनल कट घेव नका," धर्मा म्हणाला.

देवस्थळी इतके हसले की बशीत चहा सांडला. "का रे? यंत्राला नारळ फोडायचा राहिला काय?"

"नारल नको, सायेब. पानी बगा. उधानाचा पानी शेडखाली येतंय."

हे दुसरं वाक्य देवस्थळींनी ऐकलंच नाही. मी ऐकलं, आणि सोडून दिलं. आम्हा शिकलेल्यांची एक खोड आहे. कामगाराच्या तोंडून अमावास्या हा शब्द आला की आमचे कान बंद होतात. त्याच्यापुढे तो काय बोलतो ते आम्हाला आधीच ठाऊक असतं: अंगारा, लिंबू, मिरच्या. धर्मा भरती-ओहोटीचं बोलत होता. अमावास्या-पौर्णिमेला खाडीला मोठं उधाण येतं, हे मुंबईच्या शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. आम्ही दोघे इंजिनीअर होतो, त्यामुळे आम्हाला ते आठवलं नाही.

पुढच्या अमावास्येला ऑर्डर निकडीची होती. धर्माने सकाळीच यंत्र बंद केलं आणि म्हणाला, माल फुकट घालवायचा असंल तर दुसरा मानूस बसवा. हुकूम मोडला म्हणून त्याच्यावर चौकशी बसली. चौकशी अधिकारी मी. 'अंधश्रद्धेपोटी कामास नकार व इतर कामगारांत भीती पसरवणे', असं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. ८३ च्या मार्चमध्ये धर्माला काढलं.

चार महिन्यांनी यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ आला. त्याने यंत्राच्या पायावर पातळी मोजायची लेव्हल ठेवून पंधरा दिवस नुसत्या नोंदी घेतल्या. उधाणाच्या दिवशी खालच्या भरणीत पाणी चढत होतं आणि पाया एका अंगाने उचलला जात होता. पाया उखडून खोलवर खांब घातले. आजही ते यंत्र उत्तम चालतं. धर्माला परत बोलवायचं तर चौकशीचा अहवाल चुकीचा होता असं कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. मी लिहून दिलं नाही. पुढच्या वर्षी मी राजीनामा दिला आणि शिकवायची पहिल्यापासून आवड होती असं सगळ्यांना सांगत सुटलो.

तर ही केस. एका रविवारी मी माहुलला गेलो. धर्मा भावाच्या होडीवर जायचा आणि जमेल तसं फिटरचं काम करायचा. त्याची बायको सरूबाई ओट्यावर जवळा निवडत होती. तिने मला ओळखलं आणि मान खाली घालून निवडत राहिली. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"आता लिवून काय करता, सायेब?" धर्मा म्हणाला.

"पोरं शिकतील. अशी चूक पुन्हा होणार नाही. तुझं नाव टाकता येणार नाही, पण घडलं तसं लिहीन. शब्द देतो."

तो उठून आत गेला. मग ट्रंकेतून त्याने ८२ सालचं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. माल वाया गेला त्या प्रत्येक तारखेला पेन्सिलीची फुली होती. फुल्या सगळ्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. ते त्याने चौकशीतही आणलं होतं. मी ते पुरावा म्हणून घेतलं नव्हतं, कारण त्यावर देवाचं चित्र होतं.

दारात त्याची मुलगी सगुणा उभी होती. बी.एस्सी. झालेली, चेंबूरला एका रंगाच्या कारखान्यात टेस्टिंगला. "सर, या कोर्सला मला ॲडमिशन मिळेल?" तिने विचारलं. "आमच्याकडे पदविका असली की क्वालिटी ऑफिसर करतात. पण फर्स्ट क्लास लागतो."

"का नाही मिळणार?" मी म्हणालो. "बापाचीच केस शिकशील."

धर्मा हसला. नोकरी गेल्यानंतर तो माझ्यासमोर पहिल्यांदाच हसत होता. घरी येताना मी इतका खूश होतो की सांगता सोय नाही. काही न करता मला पुण्य लागलं होतं.

केस मी आठ पानी लिहिली. त्यात पाया होता, भरती होती, फुल्यांचं कॅलेंडर होतं आणि शेवटी प्रश्न होता: 'व्यवस्थापनाला उपलब्ध असलेली माहिती व्यवस्थापनाने का नाकारली?' आयुष्यात एवढं चांगलं मी दुसरं काही लिहिलेलं नाही.

समितीत उद्योगजगताचे प्रतिनिधी म्हणून कोण होते? नंदकिशोर देवस्थळी. आता ते जनरल मॅनेजर झाले होते. त्यांनी बैठकीत केस वाचली आणि चष्मा पुसला. चहाच्या सुट्टीत मला गॅलरीत घेऊन गेले.

"मधू, झकास लिहिलंयस यार. फक्त शेवट उलटा झालाय."

"घडलं तेच लिहिलंय, साहेब."

"घडलं ते मलाही ठाऊक आहे. पण हे बघ. पोरांचं प्रशिक्षण आमच्या कारखान्यात होणार ना? उद्योगाचं शिफारसपत्र मी देणार ना? त्याशिवाय विद्यापीठ मंजुरी देतं का? मग आमचीच अब्रू आम्हीच छापून वाटायची?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आणि हे उकरून काढलंसच, तर त्या अहवालावर सही कुणाची आहे रे?"

बैठक पुन्हा सुरू झाल्यावर सुखटणकर म्हणाले, "तेलंग, शैक्षणिकदृष्ट्या शेवट मोकळा ठेवावा. विद्यार्थ्यांना विचार करू द्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवट मोकळा म्हणजे पाया कापायचा, भरती कापायची, तो तंत्रज्ञ कापायचा. मी कापलं. आता केस अशी झाली: नवं यंत्र येतं, काही माल वाया जातो, जुना कामगार अमावास्येला यंत्र चालवायला नकार देतो. प्रश्न: 'या परिस्थितीचं मुख्य कारण ओळखा व उपाय सुचवा.'

आणि शेवट मोकळाही राहिला नाही, कारण विद्यापीठाचा नियम. प्रत्येक केससोबत आदर्श उत्तर जोडावं लागतं, मुद्द्यांसकट, प्रत्येक मुद्द्याच्या मार्कांसकट, आणि परीक्षकाने त्याबाहेर जायचं नाही. वीस मार्कांचे चार मुद्दे. प्रशिक्षणाचा अभाव. संवादाचा अभाव. कामगाराची अंधश्रद्धा व बदलाला विरोध. वेळीच शिस्तभंगाची कारवाई. ते मी घरी जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत होतो. सुनंदाने, माझ्या बायकोने, मागून वाचलं.

"अहो, हे त्या धर्माचंच ना?"

"केस आहे. नाव कुठे आहे त्याचं?"

"तुम्ही शब्द दिला होता त्याला."

"कागदावर विद्यापीठापुरतं लिहितोय गं. वर्गात शिकवताना सगळं खरं सांगणार आहे. वर्गात मला कोण अडवणार?"

"चौकशीच्या वेळीही असंच म्हणाला होतात, कागदापुरतं आहे म्हणून," ती म्हणाली आणि ताटं मांडायला गेली. मला तिचा राग आला. तिचं खरं होतं, म्हणून जास्तच आला.

८६ च्या जुलैत पहिली तुकडी सुरू झाली. माझ्या केबिनवर विभागप्रमुखाची पाटी लागली. चाळीस विद्यार्थी, त्यात सगुणा. चेंबूरहून ड्यूटी करून यायची, दुसऱ्या बाकावर बसायची आणि सगळं उतरवून घ्यायची. चाळीसांतले सहाजण देवस्थळींच्या कारखान्याने पाठवलेले इंजिनीअर होते. केस नंबर तीनचा दिवस आला तेव्हा ते सहाही हजर होते, पहिल्या रांगेत. मी फळ्यावर चार मुद्दे लिहिले. मग फळ्याकडे तोंड करून थोडा वेळ थांबलो. आता वळायचं आणि सांगायचं, की हे सगळं खोटं आहे. मी वळलो आणि म्हणालो, "उतरवून घेतलं सगळ्यांनी?"

भ्याडपणाला दुसरा शब्द नाही. पुष्कळ शोधला.

वर्ग सुटल्यावर सगुणा माझ्या टेबलाशी आली. मी उत्तर तयार ठेवलं होतं: विद्यापीठ, नियम, समिती, पुढच्या वर्षी दुरुस्ती. ती म्हणाली, "सर, ट्युटोरियल कधीपर्यंत द्यायचं?"

"शुक्रवारपर्यंत."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही. माहुलच्या वाटेला तर मी फिरकलोच नाही. मधल्या काळात अभ्यासक्रमाचं कौतुक झालं. पुण्याच्या, नागपूरच्या लोकांनी आमचा सिलॅबस मागवून नेला. केस नंबर तीन सगळ्यांना विशेष आवडली, अगदी आपल्या मातीतली आहे म्हणे. आता ती दोन-तीन शहरांत शिकवली जाते.

८८ च्या एप्रिलमध्ये शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा. अंतर्गत परीक्षक मी, बाहेरचे परीक्षक नंदकिशोर देवस्थळी. दुपारचे दोन, पंखा गरम हवा ढवळत होता, आणि देवस्थळी प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत होते. केस नंबर तीन. आपल्या कारखान्याची अब्रू शाबूत आहे ना, हे ते पोरांच्या तोंडून पुन्हापुन्हा ऐकून घेत होते. पोरं बिचारी अडखळत दोन-अडीच मुद्द्यांपर्यंत पोचत.

सगुणा आत आली. यादीत तिचं नाव होतं 'कु. सगुणा डी. कोळी'. देवस्थळींना त्यात काही वाटलं नाही. वाटावं तरी का? धर्माचं आडनाव त्यांना कधी माहीतच नव्हतं.

"येस. केस नंबर थ्री. मुख्य कारण काय?"

माझं एक मन म्हणत होतं, पोरी, बोल. सांग यांना पाणी कुठून आलं ते. माझी छी-थू होऊ दे. मला ती मनापासून हवी होती, मी खोटं सांगत नाही. दुसरं मन म्हणत होतं, तू खरं बोललीस तर आदर्श उत्तराबाहेर मार्क देता येत नाहीत, तुझा फर्स्ट क्लास गेला, ऑफिसर व्हायचं राहिलं. आणि त्याच्याही खाली तिसरं एक मन होतं, ते नुसतं म्हणत होतं, माझं नाव घेऊ नकोस.

सगुणाने माझ्याकडे बघितलं नाही. समोर बघून तिने इंग्रजीत उत्तर दिलं. प्रशिक्षणाचा अभाव. संवादाचा अभाव. कामगाराची अंधश्रद्धा आणि बदलाला विरोध. वेळीच शिस्तभंगाची कारवाई. एक मुद्दा गळला नाही, क्रमसुद्धा माझाच.

"आणि तू मॅनेजर असतीस तर त्या माणसाचं काय केलं असतंस?" देवस्थळींनी खुशीत येऊन विचारलं.

"आधी समजावलं असतं, सर. नाही ऐकलं तर काढलं असतं."

"एक्सलंट!" देवस्थळी माझ्याकडे वळले. "बघ मधू, अशी मुलं पाहिजेत आपल्याला. वीसपैकी वीस." आणि त्यांनी लिहूनही टाकले.

मी पाच मिनिटांची सुट्टी सांगून बाहेर आलो. ती जिन्याजवळ पाण्याच्या पिंपापाशी उभी होती. मला बघून तिने पेला खाली ठेवला.

"सगुणा, तुला खरं काय ते ठाऊक होतं."

"हो, सर."

"मग का नाही बोललीस?"

"फर्स्ट क्लास लागतो, सर. मी सांगितलं होतं तुम्हाला." तिचा आवाज साधा होता, रागाचा मागमूस नव्हता. "आणि आदर्श उत्तर तुमचंच ना? बाहेरचं लिहिलं तर मार्क नाहीत, हे तुम्हीच वर्गात सांगितलंत."

"धर्माला... बाबांना हे माहीत आहे? केसचं काय झालं ते?"

"पहिल्या वर्षीच वाचून दाखवली मी. मराठीत करून."

"काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. होडीवर गेले." तिने पेला उचलून पिंपावर उपडा घातला. "पण तोंडीची तयारी त्यांनीच करून घेतली माझ्याकडून. मला इंग्लिशमध्ये बोलायची भीती वाटायची ना. मी चार मुद्दे मराठीत लिहून दिले होते त्यांना. ते कागद धरून ओट्यावर बसायचे आणि मी म्हणून दाखवायचे. बाकीचे यायचे. तिसराच नेमका राहायचा. रोज राहायचा. मला तो म्हणवतच नव्हता त्यांच्यासमोर. मग ते कागदावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, गो पोरी, ह्यो इसरू नको. ह्याला पाच मार्क हायेत."

तिने पर्स खांद्याला लावली, वाकून मला नमस्कार केला, जसा परीक्षा झाल्यावर मास्तरांना करतात तसा, आणि जिना उतरून गेली.

ते पाच मार्क मीच ठेवले होते. चार मुद्दे, वीस मार्क. कुठल्याच मुद्द्यावर अन्याय नको, म्हणून.